सात सभासद, एक सही

ग्रामपंचायतीचे दप्तर कसे तपासावे हे मला कोणी शिकवले नाही. रसायनशास्त्राची पदवी घेताना द्रावणाचा रंग बदलेपर्यंत स्वस्थ उभे राहण्याची सवय लागली होती; तीच सवय मी नोकरीत वापरली. राज्य नवे होते, पंचायत समित्या त्याहून नव्या होत्या, आणि पंचायत विस्तार अधिकारी या लांबलचक हुद्द्यावर आलेली बाई तर आमच्या भागाने पाहिलेलीच नव्हती. पहिले काही महिने प्रत्येक गावात मला शिवणकामाचा वर्ग कोठे भरणार असे विचारण्यात आले. जानेफळला एका म्हातारीने आपला नातू माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "याले तोल वं माय, लै वाळून राह्यला." तराजू जवळ नव्हता. तिच्या समाधानासाठी मी पोराला उचलून पाहिले आणि हलका आहे असे सांगितले. नोकरीतले माझे ते पहिले मत, आणि ते बरोबर होते. पुढची सगळी मते तशी निघाली नाहीत. या अंकाच्या संपादकांना गमतीदार अनुभव हवे होते. मी मात्र चुकलेल्या एका मताविषयी लिहिणार आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी हे काम थोडक्यात सांगते. पंचायतीने दरमहा सभा घ्यायची असते. निम्मे सभासद आले नाहीत तर गणपूर्ती झाली नाही असे म्हणतात, आणि सभा तहकूब होते. जे ठरते ते एका जाड पुस्तकात लिहून त्याखाली सह्या आणि अंगठे घेतले जातात. ते पुस्तक वाचणे हे माझे काम. पुस्तक फारसे बोलत नाही, पण त्याला लपवताही येत नाही. बारा महिन्यांच्या सह्या एकाच दिवशी, एकाच दौतीतून झाल्या असतील तर ते शाईवरून कळते. 'साधकबाधक चर्चा होऊन' असे जेथे लिहिलेले असते तेथे हमरीतुमरी झालेली असते, आणि 'विषय पुढील सभेवर' या शब्दांखाली पुष्कळ विषय कायमचे पुरलेले असतात.

अशी पुस्तके वाचता वाचता मला एक नियम सापडला. शास्त्र शिकलेल्या माणसाला स्वतःला सापडलेला नियम फार आवडतो, मलाही आवडला. पंचायत जितकी मोठी तितके काम कमी. पंधरा सभासदांच्या एका पंचायतीत दिव्याचा खांब कोठे रोवावा यावर पाच सभा झाल्या होत्या. मी पाहायला गेले तेव्हा खांब चावडीमागे आडवा पडला होता आणि त्यावर ओळीने कोंबड्या बसल्या होत्या. उलट सात सभासदांच्या पंचायतींत चर्चा थोडी, ठराव अधिक. मी आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर सभासदसंख्या घेतली, उभ्या रेषेवर पूर्ण झालेली कामे, आणि ठिपके मांडले. रेघ सुंदर खाली उतरत गेली. महाविद्यालयातल्या एकाही प्रयोगात मला इतकी सुबक रेघ मिळाली नव्हती.

तेवढ्यात खुर्दचा अर्ज आला. गावाचे पूर्ण नाव लिहीत नाही. बुद्रुक आणि खुर्द एवढ्याने भागेल. बुद्रुक, खुर्द आणि एक वाडी यांची मिळून पंधरा सभासदांची गट ग्रामपंचायत होती. खुर्दचे म्हणणे होते की आम्हाला वेगळे करा, आमची सात सभासदांची पंचायत आम्हाला द्या. चौकशी करून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले.

चौकशीला मी खुर्दला गेले. गावात सार्वजनिक अशी एकच जागा होती, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. तेथे सतरंजी अंथरली होती. अर्जावर पहिली सही असलेले दत्तूभाऊ हे पन्नाशीच्या आतले, मळ्यात वांगी-कांदे पिकवणारे, बोलके गृहस्थ. त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"बाई, तिकडं पंधरा लोकाईत आमचं कोन आयकते? दोन सालापासून हिरीचा कठडा मांगून राह्यलो. दरखेपी म्हनतात, पुढच्या मीटिंगले पाहू. मागच्या साली एक गाय पडली हिरीत. आता मानूस पडाची वाट पाहून राह्यले काय?"

"आणि सात जणांत निर्णय लवकर होतील असं वाटतं तुम्हाला?"

"इडी पेटवली का इझेलोक ठराव!"

सगळे हसले, मीही हसले. पेटवलेली विडी विझायच्या आत ठराव, हे वाक्य मला इतके पटले की ते आकड्यांच्या भाषेत कसे मांडावे याचा मी तेथेच विचार करू लागले होते. तेवढ्यात सभामंडपाबाहेरून आवाज आला, "बाई, मले दोन गोष्टी बोलाच्या हायेत."

खालच्या पायरीवर पांढरे धोतर नेसलेले, वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांचे नाव किसनदादा. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या वस्तीचे ते कारभारी, आणि गट पंचायतीतले खुर्दचे एक सभासद. सभामंडपात त्यांना कोणी बोलावले नव्हते. आणि त्यांनी सोडलेल्या देवाच्या दारात जायची त्यांनाही गरज वाटत नव्हती. म्हणून ते पायरीवर.

"तिकडच्या पंधरात आमच्या समाजाचे तिघं हायेत," ते म्हणाले. "तीन गावचे तिघं. एक गप बसला तं दुसरा बोलते. हे येगळं झालं तं इथं मी एकला राहीन."

"काऊन बे किसन," दत्तूभाऊ हसत म्हणाले, "आमी काय तुले खाऊन टाकू?"

"खासान नाही भाऊ. इसरून जासान."

पुन्हा हशा झाला. मी वहीत लिहिले: हरकती एक, स्वरूप व्यक्तिगत. त्याखाली लिहिले: कार्यालयासाठी इमारतीची आवश्यकता नाही, मंदिराचा सभामंडप उपलब्ध. या दोन ओळी लिहायला मला दोन मिनिटेही लागली नसतील.

अहवाल आलेखासह गेला. आमच्या साहेबांनी तो जिल्ह्याला पाठवला आणि तेथून 'अभ्यासपूर्ण' असा शेरा आला. मला बुलढाण्याला, जिल्ह्याच्या कार्यालयात जायचे होते, हे मी येथे लपवत नाही. तालुक्याच्या धुळीत सगळी उमेद घालवण्यासाठी मी शिकले नव्हते. त्या शेऱ्याचा कागद मी जपून ठेवला.

खुर्द वेगळे झाले, आणि माझा नियम पहिल्याच वर्षी खरा ठरला. दत्तूभाऊ सरपंच झाले. विहिरीला कठडा बसला, चार रहाट बसले, गावात शिरणारा रस्ता मुरूम टाकून नीट झाला. मी दप्तर तपासायला जाई तेव्हा पुस्तकात दरमहा सात सह्या-अंगठे असत आणि एकही विषय पुढील सभेवर गेलेला नसे. दुसऱ्या गावांत मी खुर्दचे उदाहरण देऊ लागले. आता आठवले की त्या उत्साहाची लाज वाटते.

एक विषय मात्र राहिला होता. विहिरीवरचे चारही रहाट गावाकडच्या बाजूला होते. किसनदादांची वस्ती नाल्यापलीकडे; तेथल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करून त्यात झिरपलेले पाणी वाटीने घागरीत भरत. कायद्याने विहीर सर्वांची होती. पण कायदा होता छापील पुस्तकात आणि विहीर होती खुर्दमध्ये. किसनदादांनी सभेत मागणी केली की नाल्याच्या बाजूला पाचवा रहाट बसवावा, म्हणजे वस्तीला वेगळ्या वाटेने येऊन पाणी भरता येईल. बरोबरीचा हक्क मागण्याऐवजी त्यांनी केवळ एक रहाट मागितला होता. कोणीही नाही म्हटले नाही. दत्तूभाऊ म्हणाले, "हाव हाव, पुढच्या मीटिंगले घेऊन टाकू." हे शब्द मला नंतर कळले; पुस्तकात ग्रामसेवकाने 'सरपंचांनी अनुकूलता दर्शविली' असे लिहिले होते.

पुढच्या सभेच्या आठवड्यात दत्तूभाऊंचे चुलते वारले.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या आलेखात नव्हती. सात सभासदांपैकी सहा एकाच भावकीतले होते. दत्तूभाऊ, त्यांचे चुलतभाऊ, पुतणे आणि दोन स्त्री-सभासद, म्हणजे याच घरांतल्या सुना. भावकीत कोणी गेले की साऱ्या भावकीला सुतक; आणि सुतकात देवळात पाय ठेवायचा नसतो. पंचायतीचे कार्यालय तर देवळातच होते, माझ्याच शिफारशीने. त्या महिन्याची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली.

दुसऱ्या महिन्यात दत्तूभाऊंच्या पुतण्याला मुलगा झाला. जन्माचीही सोयर पाळतात, तीही साऱ्या भावकीला. मारुतीच्या देवळात कोणी आले नाही. सभा तहकूब.

नेमक्या त्या दिवशी मी खुर्दला पोहोचले. सभामंडप रिकामा होता. ग्रामसेवक खांबाला टेकून बसला होता, पुस्तक मांडीवर उघडे. बाहेर पायरीवर किसनदादा धुतलेल्या धोतरात, डोक्याला फेटा बांधून ताठ बसले होते.

"दादा, सभा नाही का आज?"

"सभा हाय ना बाई. सभासद नाहीत." ते पुढे म्हणाले, "मागच्या खेपीलेही मी आल्तो. घंटाभर बसलो, सही केली, घरी गेलो."

"सोयर आहे म्हणतात त्यांना."

"सोयर-सुतकात मळ्याले पानी देता येते बाई. जानेफळच्या बाजारात कांदे इकता येतात. मीटिंगच काय ते चालत नाही."

मी घड्याळ पाहिले. सडकेवर डोणगावकडून येणारी मेहकरची बस पकडायची होती. ती चुकली असती तर बैलगाडीतून जावे लागले असते. मी निघाले तसे किसनदादा उठून दोन पावले माझ्याबरोबर आले.

"बाई, तुमी कायदा शिकेल हा म्हनून इचारतो. एकल्या मानसाची मीटिंग होते काय?"

मी हसले. उपहासाने नव्हे, पण हसले. "एका माणसाची सभा कशी होईल, दादा? सभा म्हणजे चार माणसं तरी हवीत." गणिताच्या दृष्टीने उत्तर अचूक होते. सातांचे निम्मे साडेतीन, म्हणजे चार. मी बस पकडली.

वैशाख सरत आला तसा नाला पार आटला. वस्तीने खड्डा अधिक खोल केला. जनावरेही त्याच नाल्यात उतरत होती. मग वस्तीत हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. आरोग्य खात्याची माणसे गेली, सुया टोचल्या, औषधे वाटली, पाण्याचा नमुना घेतला. तो नमुना कोठल्या पाण्याचा हे विचारणारा कागद आमच्या कार्यालयात आला. किसनदादांची सून सुमन त्या आठवड्यात गेली. तिला तीन वर्षांची मुलगी होती. वस्तीतल्या दुसऱ्या एका घरातली कोवळ्या वयाची मुलगीही गेली. बाकीचे वाचले.

मी खुर्दला गेले ती दप्तर तपासायला नव्हे. पण गेल्यावर दुसरे काही करता येईना म्हणून पुस्तकच मागितले. त्या महिन्याची सभाही तहकूब झाली होती. दत्तूभाऊंची डोणगावला दिलेली म्हातारी आत्या वारली, त्यामुळे पुन्हा सुतक. ग्रामसेवकाचा नेहमीचा शेरा होता, आणि हजेरीच्या रकान्यात एकच सही. मी तारीख पाहिली. सुमन गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची ती सभा होती. सहाजणांना परगावी दिलेल्या आत्याचे सुतक होते. ज्याच्या घरातली सून गेली होती तो माणूस वेळेवर आला होता, पायरीवर बसला होता, आणि सही करून गेला होता.

सही थोडी तिरपी, पण नेहमीसारखीच ठळक होती.

"हे तहकूब, तहकूब लिहिलंत," मी ग्रामसेवकाला म्हटले, "मग तहकूब झालेली सभा पुन्हा कधी घेतली?"

तो नवखा होता, सरळ होता. "पुन्हा घ्यायची असते बाई? मी तर पुढच्या महिन्याची नवीन नोटीस काढत होतो."

परतीच्या बसमध्ये मला ते कलम आठवायला लागले. कार्यालयात पोहोचताच मी नियमांचे पुस्तक काढले. गणपूर्तीअभावी तहकूब केलेली सभा पुन्हा बोलावली असता, तीत आधीच्या विषयांचा निर्णय घेण्यास गणपूर्तीची आवश्यकता नाही. या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. ती माझीच. नोकरीत रुजू झाले त्या महिन्यात, सगळे नियम पाठ करण्याच्या ईर्षेने, मी ती ओढली होती.

म्हणजे एका माणसाची सभा होत होती. हा नियम करणाऱ्यांना ठाऊक असावे की बाकीचे कधी कधी येत नाहीत. किसनदादांनी मला नेमके तेच विचारले होते, आणि मी त्यांना भागाकार करून दाखवला होता.

माझी खरी चूक कोठे झाली हे त्यानंतर मी पुष्कळदा तपासले. लहान पंचायत वाईट आणि मोठी चांगली, असे उलटे अनुमान काढणेही तितकेच आळशीपणाचे ठरेल. तो दिव्याचा खांब अजून आडवाच आहे. मी सभासदांची डोकी मोजली. प्रयोगशाळेत एकाच बाटलीतले पाणी सहा नळ्यांत ओतून कोणी सहा नमुने तपासले असे लिहिले असते, तर मी तो कागद परत केला असता. खुर्दमध्ये मी नेमके तेच केले. सात सभासद मोजले, होते दोनच. एक भावकी आणि एक किसनदादा. मोठ्या पंचायतीत भांडणे होती, कारण तेथे वेगवेगळी माणसे होती. एका घरी सुतक असले तरी दुसऱ्या घरी नसे. ज्या कटकटीला मी कार्यक्षमतेचा अभाव म्हटले, त्या कटकटीतच किसनदादांच्या रहाटाची आशा होती. त्यांनी हे मला एका वाक्यात सांगितले होते, आणि मी ते व्यक्तिगत ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेले. किसनदादा अंगणात बसले होते, नात मांडीवर झोपली होती.

"दादा," मी म्हटले, "एका माणसाची सभा होते. तहकूब झालेली पुन्हा बोलावली तर होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तवा तं नाही म्हनलं व्हतं तुमी."

"तेव्हा मी चुकले."

नातीच्या तोंडावरची माशी त्यांनी हाताने वारली. "मंग हे त्या महिन्यातच झालं असतं?"

"हो."

"महिनाभर आंधी."

"हो दादा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला काही उत्तर देता आले असते. एवढेच म्हणाले, "आमच्यात आता सुतक नाही बाई. कवाची ठेवता मीटिंग?"

त्याच आठवड्यात माझे बुलढाण्याचे पत्र आले. अहवालाचा उल्लेख करून मला जिल्ह्याच्या कार्यालयात वरच्या जागेवर घेतल्याचे त्यात होते. मी गेले. न जाण्याइतकी मी मोठी नाही. पण त्याआधी खुर्दची तहकूब सभा झाली. तिची नोटीस मी स्वतः मारुतीच्या खांबाला लावली होती.

सभा पायरीवरच झाली. ग्रामसेवक देवळातून बाहेर आला आणि पुस्तक घेऊन खाली बसला. मी बाजूला उभी होते. मला मत नव्हते. समोरच्या सडकेपलीकडे, सुतक सांगून, दत्तूभाऊ आणि भावकीतले दोघे लिंबाखाली उभे राहून पाहत होते. किसनदादांनी फेटा सारखा केला. सभाध्यक्ष म्हणून स्वतःचेच नाव सुचवावे लागते हे ग्रामसेवकाने सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली. मग त्यांनी ठराव तोंडाने सांगितला: विहिरीच्या नाल्याकडच्या बाजूला पाचवा रहाट बसवावा, आणि त्यावर कोणालाही पाणी भरता यावे. 'कोणालाही' हा शब्द त्यांनी दोनदा सांगून लिहवून घेतला. पहिल्या वेळी ग्रामसेवकाच्या हातून तो राहिला होता.

दत्तूभाऊ पलीकडूनच म्हणाले, "झाला नं ठराव? मंग बसवून टाका. आमी थोडीच आडवलं व्हतं कोनाले." आणि ते खरेच होते. रहाट चौथ्या दिवशी बसला. कोणी अडवले नाही.

सही करायच्या आधी ग्रामसेवकाने मान वर केली. छापील ओळीत एक जागा रिकामी होती, आणि तो नियमाला धरून चालणारा होता.

"दादा, ठराव बहुमताने लिहू की सर्वानुमते?"

किसनदादांनी रिकाम्या सभामंडपाकडे पाहिले, सडकेपलीकडे पाहिले, मग नाल्याकडे.

"सारे हाजर हायेत का पाह्य," ते म्हणाले, "आन् काय लेहाचं थे लेह्य."

ग्रामसेवकाने लिहिले: सर्वानुमते मंजूर. खाली सात रेघा आखलेल्या होत्या. पहिल्या रेघेवर किसनदादांनी सही केली, आणि बाकीच्या सहा रेघांवर ग्रामसेवकाने, कोणी पुढे काही भरू नये म्हणून, एक तिरपी रेघ मारली.